गरोदरपणात कावीळ, लिव्हर फेल, आणि ‘बाळ आधी काढायचं का?’ हा प्रश्न

चिंचपेटी | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते. आज वेगळं लिहितेय. जरा मोठं आहे, सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण, वय २८. पहिलंच बाळंतपण, त्यात जुळं. डोहाळजेवण उरकून माहेरी आलेली. आठवा संपत आला होता, डॉक्टरी हिशोबाने ३५ आठवडे. गुरुवारी उलट्या सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, १३०/८४. "पित्त आहे, शेवटी शेवटी होतं असं," म्हणून गोळ्या दिल्या. आईचं आलं-लिंबू चालूच होतं. शुक्रवारी उलट्या जरा कमी झाल्या, पण तहान काय म्हणता! उशाशी भरून ठेवलेला तांब्या अर्ध्या तासात रिकामा. रात्रीतून सात-आठ वेळा बाथरूम. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलंय, पिऊ दे, असं आम्हीच म्हणत होतो.

रविवारी सकाळी पडवीत बसून मी तिची वेणी घालत होते. तिने मान मागे करून मला काहीतरी विचारलं आणि तिच्या डोळ्यांचे कोपरे पिवळे दिसले. घरातल्या ट्यूबलाइटखाली ते आधी कुणालाच दिसले नव्हते. तिने विचारलं होतं, "आई कुठे गेली?" आई समोरच शेंगा सोलत बसली होती.

बाबांना डायबेटीस आहे म्हणून घरात ग्लुकोमीटर. का कोण जाणे, बाबांनी तिचं बोट टोचलं. ४१. पट्टी खराब असेल म्हणून दुसरी लावली. ३९. साखरपाणी पाजलं, शेजाऱ्यांची गाडी काढली. तालुक्याला थांबलोच नाही, थेट जिल्ह्याला. तिथे रिपोर्ट आले: बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ६.८, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) ३१०, पांढऱ्या पेशी २१ हजार, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) २.१, प्लेटलेट १ लाख १० हजार, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जितका जास्त तितकं वाईट) २.७. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "लिव्हर बंद पडतंय. आज रात्रीच बाळंतीण करावी लागेल, आणि मी काही वचन देत नाही."

आत्या तिथेही सुरू झाली, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. बाबा आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. सही केली.

रात्री अडीचला सिझर. पाठीत सुई देता येणार नाही, रक्त गोठत नाहीये, म्हणून पूर्ण भूल. रक्त, प्लाझ्मा, क्रायो (रक्त गोठवणाऱ्या घटकांच्या पिशव्या). पिशव्या आणायला भावजी आणि माझा नवरा रक्तपेढीच्या चार खेपा मारून आले. बाळं १९०० आणि १७०० ग्रॅम. बहीण नऊ दिवस आयसीयूत. गंमत म्हणजे बाळंत झाल्यावर कावीळ आणखी वाढली, १४ पर्यंत गेली. आम्ही हातपाय गाळले, पण मॅडम आयएनआर बघत होत्या. तो तिसऱ्या दिवशी १.६ झाला होता. त्या म्हणाल्या, "पिवळेपणा मागून उतरेल. लिव्हर कामाला लागलंय."

निदान: अक्यूट फॅटी लिव्हर ऑफ प्रेग्नन्सी. तिघंही घरी आहेत, बाळं आता पाच महिन्यांची.

दोन प्रश्न. चार दिवसांत आम्ही काय बघायला हवं होतं? आणि पुढच्या वेळी हे परत होतं का?

---

शेवगा | सोमवार, रात्री ११:०५

वाचताना हात थंड पडले. बाबांच्या त्या ग्लुकोमीटरला हळदकुंकू वाहा.

---

आगबोट | सोमवार, रात्री ११:२०

बाळांना आशीर्वाद गं. घाईत एक विचारते. मी यूकेत, ३३ आठवडे, तळहात-तळपाय रात्री भयंकर खाजतात, पुरळ काही नाही. मिडवाइफने रक्त घेतलंय. हे त्यातलंच का?

---

मागचा_परस | मंगळवार, पहाटे १:१५

मी इथे फक्त वाचत असतो. आज राहवलं नाही.

माझ्या वहिनी बारा-तेरा वर्षांपूर्वी गेल्या. आमच्या गावात काविळीची साथ होती, घरटी एखादा तरी पिवळा. नळाला तेव्हा वास येणारं पाणी यायचं. गावाचं नाव लिहीत नाही. दादाला झाली, तो पंधरा दिवसांत बरा झाला. वहिनींना सातवा महिना होता. चार दिवस ताप, अन्नावर वासना नाही, मग डोळे पिवळे. पाचव्या दिवशी दिवसभर झोपून राहिल्या आणि रात्रभर जाग्या. काहीबाही बोलायला लागल्या. मोठ्या शहरात हलवलं. आम्ही डॉक्टरांच्या हातापाया पडलो, बाळ काढा पण हिला वाचवा. ते "सिझर करणार नाही" एवढंच बोलून निघून गेले. तिसऱ्या दिवशी बाळाचे ठोके थांबले. सहाव्या दिवशी वहिनी.

चिंचपेटीताई, तुमच्या बहिणीचं रात्री अडीचला केलं. आमच्या वहिनीचं का नाही केलं? पैशाचा प्रश्न नव्हता, दादाने जमीन विकायची तयारी ठेवली होती. दादा आजही म्हणतो, त्यांनी तिला मरू दिलं.

---

रातपाळी | मंगळवार, दुपारी ३:३०

मी आयसीयूत काम करतो. नाव-गाव विचारू नका. काल रात्री हा धागा वाचला, ड्युटी संपल्यावर लिहायला बसलोय. आधी मागचा_परस यांना उत्तर देतो, कारण या विषयातला खरा कळीचा प्रश्न तोच आहे.

गरोदरपणात लिव्हर दोन तऱ्हांनी बंद पडतं. एक, गरोदरपणामुळेच झालेला आजार. दोन, एरवीही झाला असता असा आजार, जो गरोदरपणात गाठतो. बाहेरून दोन्ही सारखेच: पिवळे डोळे, गुंगी, न गोठणारं रक्त. उपाय मात्र उलट.

चिंचपेटी यांच्या बहिणीचा पहिल्या तऱ्हेतला. काही बाळांमध्ये चरबी जाळणारं एक एन्झाइम कमी असतं. न जळलेली चरबीची आम्लं वारेतून आईच्या रक्तात येतात आणि तिच्या लिव्हरच्या पेशींत बारीक थेंबांच्या रूपात साठतात. सगळ्याच केसेसमध्ये एन्झाइमचा दोष सापडतो असं नाही, पण रस्ता बहुधा हाच. जुळं असलं की धोका जास्त. इथे बाळ आणि वार बाहेर येणं हाच उपाय. पुरवठा तुटला की लिव्हर दोन-तीन दिवसांत सावरायला लागतं. म्हणून महिना कुठलाही असो, आईची साखर आणि रक्त गोठणं जमेल तितकं सुधारायचं आणि बाळंत करायचं. थांबायचं नाही. पूर्वी या आजारात बहुतेक बायका जायच्या. आता वेळेत ओळखला तर दहातल्या नऊपेक्षा जास्त वाचतात.

वहिनींचं वर्णन दुसऱ्या तऱ्हेचं आहे. गावात साथ, घाण पाणी, घरातल्या पुरुषालाही कावीळ, आधी ताप: हा हेपॅटायटीस ई असणार. दादांसारख्या धडधाकट माणसात शंभरात एखाद-दुसरा दगावतो. शेवटच्या तिमाहीतल्या बाईत हे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. इथे विषाणू आईच्या लिव्हरमध्ये बसलाय, बाळ बाहेर काढून तो निघत नाही. आपल्याकडच्या डॉक्टरांनी अशा बायकांचा बारकाईने हिशोब ठेवलाय, आणि मुद्दाम बाळंत केल्याने आई वाचण्याची शक्यता वाढते असं त्यात दिसलं नाही. उलट आयएनआर ४-५ असताना पोट उघडणं म्हणजे टेबलावरच रक्तस्राव. म्हणून आधी आईला सांभाळायचं. कळा आपणहून आल्या तर नॉर्मल होऊ द्यायचं. सिझर फक्त प्रसूतीच्याच कारणासाठी. बाळ जगण्याइतकं मोठं असेल आणि आई अजून शुद्धीत असेल तर प्रसूतीतज्ज्ञ आणि लिव्हरवाले एकत्र बसून वेगळाही निर्णय घेतात, तो त्या त्या बाईपुरता.

"सिझर करणार नाही" हे बहुधा बरोबर होतं. ते सांगून निघून जाणं बरोबर नव्हतं.

आता ओळखायचं कसं. फॅटी लिव्हरमध्ये एसजीपीटी बहुतेकदा शेकड्यांत, हेपॅटायटीस ई मध्ये बहुतेकदा हजारांत. फॅटी लिव्हरमध्ये साखर लवकर कोसळते, क्रिएटिनिन आणि युरिक अॅसिड सुरुवातीलाच चढलेलं असतं, पांढऱ्या पेशी वाढतात, तहान लागते. तहानेकडे सगळे दुर्लक्ष करतात. या आजारासाठी स्वान्सी निकष नावाची १४ मुद्द्यांची यादी आहे, सहा जुळले की संशय पक्का. बहिणीच्या गोष्टीतूनच मी नऊ मोजले: उलट्या, तहान, भ्रम, बिलिरुबिन, साखर, पांढऱ्या पेशी, एसजीपीटी, क्रिएटिनिन, आयएनआर.

तिसरा भिडू हेल्प सिंड्रोम. बीपी, लघवीत प्रोटीन, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, प्लेटलेट धडाधड खाली. तोही गरोदरपणाचाच, म्हणून तिथेही बाळंतपण हाच उपाय, सोबत बीपीची औषधं आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम. लिव्हरच्या आवरणाखाली रक्त साठून ते फुटू शकतं, म्हणून पोट दाबदाबून बघू नये. फॅटी लिव्हर आणि हेल्प एकमेकांत मिसळलेले असतात, नावावरून भांडत बसण्यात अर्थ नाही, दोन्हीकडे हुकूम एकच.

पावसाळ्यात मलेरिया, डेंगी, लेप्टो तपासल्याशिवाय मी कुणालाच कुठल्या कप्प्यात टाकत नाही. आणि एक दुर्मिळ पण सुटू नये असा: हर्पिसचा विषाणू. एसजीपीटी काही हजार, ताप, पण डोळे फारसे पिवळे नाहीत. असं चित्र दिसलं की रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर सुरू करतात.

@आगबोट, नुसती खाज, तीही तळहात-तळपायांना आणि रात्री, ही बहुतेक पित्त तुंबल्याची. त्याने लिव्हर फेल होत नाही. पण बाइल अॅसिडचा रिपोर्ट मागून घ्या. तो १०० च्या वर गेला तर बाळाला धोका वाढतो आणि तारीख अलीकडे आणावी लागते.

---

मागचा_परस | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

तुम्ही आत्ता जे लिहिलं ते वाचायला मला पाच मिनिटं लागली. तेव्हा त्या पॅसेजमध्ये एवढी पाच मिनिटं कुणी दिली असती तर.

---

शेवगा | मंगळवार, संध्याकाळी ५:४८

डॉक्टर, आयसीयूत नेमकं करतात काय? बाहेर बसलेल्याला फक्त सलाईन दिसतं.

---

रातपाळी | मंगळवार, रात्री ९:०२

खरंय, बाहेरून तेवढंच दिसतं. आत बरंचसं काम राखणदारीचं असतं.

पहिली राखण साखरेची. लिव्हर हे शरीराचं साखरेचं कोठार. ते जळालं की साखर तासाभरात ३० वर येते, आणि बाई बेशुद्ध आहे ती लिव्हरमुळे की साखरेमुळे हे कळेनासं होतं. म्हणून दर तासा-दोन तासांनी बोट टोचायचं आणि मोठ्या शिरेतून दाट डेक्स्ट्रोज चालू ठेवायचं. नातेवाईक म्हणतात, "किती टोचता हो तिला!" टोचू द्या.

दुसरी मेंदूची. अमोनिया वाढला की मेंदूला सूज येते. पहिली पायरी म्हणजे झोपेची उलटापालट, जी वहिनींना झाली होती. चिडचिड, अक्षर बिघडणं. मी रोज पेशंटकडून कागदावर सही करून घेतो. सोमवारची आणि मंगळवारची सही शेजारी ठेवली की कुठल्याही मशीनआधी कळतं. दुसऱ्या पायरीत हात पुढे धरायला सांगितले की पंजे पंखासारखे फडफडतात. तिसऱ्या पायरीला हाका मारून जेमतेम जाग. तेव्हा श्वासाची नळी घालून मोकळं व्हायचं. डोकं ३० अंश वर, मान सरळ, सोडियम जरा चढं, गरज पडली तर मॅनिटॉल किंवा दाट मिठाचं सलाईन. पोटात बाळ असेल तर अंग थोडं डावीकडे कललेलं, नाहीतर गर्भाशयाच्या वजनाने मोठी रक्तवाहिनी दबते. तळमळतेय म्हणून झोपेचं इंजेक्शन द्यायचं नाही. नळी घातलेली नसताना तर नाहीच.

तिसरी रक्ताची. इथे माझं आणि काही सहकाऱ्यांचं वाजतं. रक्त वाहत नसताना आकडा सुंदर दिसावा म्हणून प्लाझ्मा ओतू नये. आयएनआर हीच लिव्हरची नाडी, ती झाकली तर सुधारतंय की बिघडतंय कशावरून सांगणार? ऑपरेशन असेल, रक्तस्राव असेल, तेव्हा हात आखडायचा नाही. फायब्रिनोजेन (रक्ताची गुठळी बांधणारं प्रथिन) बघताना एक खोच आहे: गरोदर बाईत ते मुळात ४०० ते ६०० असतं. रिपोर्टवर २०० ‘नॉर्मल’ छापून येतं. गरोदरपणात २०० म्हणजे घंटा वाजली.

बाकी जंतुसंसर्गावर डोळा, किडनी थांबली तर डायलिसिस, लिव्हरला आधार म्हणून एन-असिटिलसिस्टीनचं सलाईन, काही केंद्रांत प्लाझ्मा बदलणं. यातून उठत नसेल तर लिव्हर ट्रान्सप्लांट. म्हणून ‘अजून बरी आहे’ तेव्हाच ट्रान्सप्लांटच्या केंद्राला फोन झालेला असावा. चौथ्या पायरीला पोचलेली बाई अॅम्ब्युलन्समध्ये घालून २०० किलोमीटर नेणं हा जुगार आहे, आणि मी तो हरलोय.

---

मोरावळा | मंगळवार, रात्री १०:३०

सगळ्यांचा आदर ठेवून लिहिते. आमच्या शेजारणीला पाचव्या महिन्यात कावीळ झाली होती. पलीकडच्या गावात एक बाबा माळ घालतात. डोक्यावर टोपीसारखी ठेवलेली माळ चार दिवसांत गळ्यात उतरली, मग पोटापर्यंत आली, कावीळ खलास. एक पैसा घेत नाहीत, फक्त नारळ. चुन्याच्या निवळीत हात धुतले तर पाणी पिवळंधमक, मी डोळ्यांनी पाहिलंय. काविळीला अॅलोपथीत औषध नाही हे डॉक्टरच सांगतात ना? मग हे केलं तर बिघडलं कुठे?

---

नळीवाला | मंगळवार, रात्री ११:११

मोरावळाकाकू, मी वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढतो. ती माळ मी एकदा एका पेशंटकडून मागून घेतली आणि नवीन करवून लॅबमधल्या खिळ्याला टांगली. चार दिवसांत दीडपट लांब. खिळ्याची कावीळ उतरली.

ओल्या देठांचे तुकडे दोऱ्यात करकचून बांधलेले असतात. देठ वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो. बास. चुन्याचं म्हणाल तर हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळा, मग चुन्याच्या पाण्यात बुडवा. माझ्या हाताचं पाणीही पिवळं होतं आणि माझं बिलिरुबिन ०.७ आहे.

धाग्याला धरून एक लॅबची गोष्ट. पीटी-आयएनआरची नळी निळ्या टोपणाची असते आणि ती खुणेपर्यंतच भरावी लागते. अर्धवट भरली तर आतलं औषध रक्ताच्या मानाने जास्त होतं आणि आकडा खोटा वाढून येतो. शिर सापडत नाही म्हणून अर्धी नळी पाठवतात, मग तिकडे घबराट. आयएनआर अचानक विचित्र आला तर नळी पूर्ण होती का, एवढं विचारा. आणि गरोदर बाईला कावीळ आहे असं चिठ्ठीवर लिहा. आम्ही तो नमुना रांगेतून वर काढतो.

---

रातपाळी | बुधवार, सकाळी ७:४०

नळीवाले, खिळा चोरला तुमचा, रोज वापरणार.

काकू, तुमच्या प्रश्नात निम्मं खरं आहे. ए आणि ई काविळीला खास औषध नाही. हेपॅटायटीस ई वर एरवी कधी वापरतात ते रिबाव्हिरिन गर्भाला घातक, म्हणून गरोदरपणात वर्ज्य. बहुतेक लोक आपोआप बरे होतात, म्हणूनच तर माळेला यश येतं. शेजारणीची उतरायचीच होती. बिघडतं ते असं: माळ पोटापर्यंत यायला जे चार दिवस लागतात, तेच चार दिवस आमच्या हातात असतात. माळ घालायचीच असेल तर रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन घाला, माझं भांडण नाही. पोटात काही देऊ नका मात्र. नाकात रस पिळणं नको, दंडाला डाग देणं नको, पाल्याचे काढे नकोत. गुळवेलीचंही सांगतो: २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं. त्यावर वाद झाले, पण लिव्हर आधीच आजारी असताना तो प्रयोग कशाला?

आणि कोपऱ्यावरचा उसाचा रस ‘काविळीला चांगला’ म्हणून पाजतात, त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा हे कुणी विचारत नाही.

---

जुनी_कात्रणं | बुधवार, सकाळी ११:२५

थोडं मागचं. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं सांडपाणी मिसळलेलं पाणी शहराच्या नळांत गेलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर बायका जास्त दगावल्या हे तेव्हाच नोंदलं गेलं, पण सगळे तिला ए कावीळ समजत होते. पुढे साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांनी तो समज खोटा ठरवला. १९७८ मध्ये काश्मीरच्या खोऱ्यात साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू गावोगाव फिरले आणि ही ए नाही, बी नाही, वेगळीच कावीळ आहे, असं त्यांनी मांडलं. १९८३ मध्ये मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क चक्क स्वतः प्यायला, आजारी पडला आणि स्वतःच्याच विष्ठेत हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. विज्ञानासाठी लोक काय काय करतात! आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचंही या विषाणूवर बरंच काम आहे, आणि ते व्हायलाच हवं होतं. २०१२ ची इचलकरंजीची साथ कोल्हापूरकडच्या लोकांना आठवत असेल, तीही ई चीच.

फॅटी लिव्हरचं वेगळं वर्णन हॅरोल्ड शीहान यांनी १९४० मध्ये केलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावानंतरच्या ‘शीहान सिंड्रोम’वाले तेच.

ई काविळीवर लस आहे. चीनने २०११ मध्ये मान्यता दिली. साथ चालू असताना ती पहिल्यांदा वापरली दक्षिण सुदानच्या बेंतिऊ छावणीत, २०२२ मध्ये, गरोदर बायकांनाही. आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. तोवर उकळलेलं पाणी.

---

आगबोट | बुधवार, दुपारी २:१०

रिपोर्ट आला, बाइल अॅसिड ३४. गोळ्या दिल्यात, दर आठवड्याला रक्त. सासूबाई फोनवर म्हणाल्या, कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ कर. ती मात्र करणार आहे, बरं वाटतं.

---

चिंचपेटी | बुधवार, रात्री ९:३३

डॉक्टर, नऊ मुद्दे मोजले म्हणालात, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. चार दिवस ते आमच्या डोळ्यांसमोर होते.

दुसरा प्रश्न राहिला. पुढच्या वेळचं?

---

रातपाळी | बुधवार, रात्री ११:५०

ते मुद्दे घरच्यांनी मोजायचे नसतातच. घरच्यांनी एवढंच धरायचं: सहाव्या-सातव्या महिन्यानंतर नव्याने सुरू झालेल्या उलट्या पित्ताच्या नाहीत असं आधी सिद्ध करावं लागतं. डोळे दिवसाच्या उजेडात बघायचे. लघवीचा रंग विचारायचा. आणि डॉक्टरांना म्हणायचं, एलएफटी (लिव्हरची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन, साखर आणि पीटी-आयएनआर आजच्या आज करा. शेवटची तपासणी बहुतेकदा राहते, तीच सगळ्यात जास्त सांगते. गाडी नसेल तर १०८ ला फोन करून "गरोदर आहे, कावीळ आहे, बडबडतेय" हे तीन शब्द आधी सांगायचे. सरकारी दवाखान्यात न्यायला गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी फुकट असते, आशाताईला माहीत असतं.

पुढच्या वेळचं: दोन्ही बाळांची त्या एन्झाइमसाठी रक्ताची तपासणी करून घ्या, केली नसेल तर या आठवड्यातच. दोष निघाला तर बाळाला जास्त वेळ उपाशी ठेवता येत नाही, साखर कोसळते, आणि आहारही वेगळा लागतो. आईवडील दोघंही वाहक असतील तर दर खेपेला चारात एक बाळ तसं असण्याची शक्यता. दोष निघाला नाही तरी पुढचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच, शेवटच्या तिमाहीत वरचेवर एलएफटी करून. लिव्हर पूर्ण नॉर्मल होईपर्यंत इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत.

---

चिंचपेटी | गुरुवार, सकाळी ८:१५

एकाचीच तपासणी झाली होती, नॉर्मल होती. दुसऱ्याची राहून गेली. आजच नेतो.

---

मागचा_परस | शुक्रवार, रात्री १०:०८

दादाच्या कपाटातून वहिनींची फाइल काढली. बारा वर्षांत कुणी उघडली नव्हती. डॉक्टर, जमलं तर बघा. पहिल्या दिवशी: एसजीपीटी २,३४०, बिलिरुबिन १५, साखर ९२, प्लेटलेट १ लाख ६० हजार, क्रिएटिनिन ०.९, आयएनआर ३.८. तिसऱ्या दिवशीचा कागद: हेपॅटायटीस ई आयजीएम (ताज्या लागणीची खूण) पॉझिटिव्ह. दुसऱ्या दिवशी आयएनआर ४.९. त्याच दिवशी रात्री नर्सच्या नोंदीत "पेशंट अस्वस्थ, मिडाझोलाम दिले" असं लिहिलंय, म्हणजे झोपेचं इंजेक्शन. नळी चौथ्या दिवशी घातली.

---

रातपाळी | शनिवार, सकाळी ६:२०

पाहिलं. शंका नाही, हेपॅटायटीस ईच. पहिल्या दिवशी ३.८ आयएनआर आणि भ्रम असताना मीही सिझर केलं नसतं. केलं असतं तर बहुधा त्याच रात्री गेल्या असत्या.

मिडाझोलामचं तुम्ही स्वतः लिहिलंत म्हणून लपवत नाही. नळी नसताना ते द्यायला नको होतं. ते दिलं नसतं तर वाचल्या असत्या का? आयएनआर ज्या वेगाने चढतोय ते बघता तसं मी म्हणू शकत नाही. पण त्या इंजेक्शननंतर त्या किती शुद्धीत आहेत हे कुणाला कळलं नसणार, आणि नळी घालायला उशीर झाला असणार.

---

मागचा_परस | शनिवार, सकाळी ९:४५

आभारी आहे. दोन्ही गोष्टी सांगितल्यात त्याबद्दल.

दादा संध्याकाळी शेतावरून आला की वाचून दाखवतो. मोबाईलवरची अक्षरं त्याला दिसत नाहीत.